दोनशे एकोणीस

सोमवार, ३

काकू वरून ओढत होती, मी खालून ढकलत होते आणि मध्ये जिन्याच्या वळणावर टीव्ही अडकला होता. जुना, फुगीर काचेचा. पुढे जाईना, मागे येईना. काकू म्हणाली, ह्यांच्यासारखाच आहे मेला, अडला की अडला. दोघींना हसू फुटलं, माझे हात सुटले आणि टीव्ही दोन पायऱ्या घसरून माझ्या पोटावर येऊन टेकला. लागलं का, तिने विचारलं. मी म्हटलं, काच शाबूत आहे. ती म्हणाली, मी तुझं विचारतेय गं, बये.

शेवटी वर पोचलो. काकाच्या खोलीतला टीव्ही बंद पडलाय आणि नव्या टीव्हीला त्याचा जुना संगणक जोडता येत नाही, म्हणून ही हमाली.

काका जाऊन चार महिने झाले. तो शाळेत गणित शिकवायचा. पस्तीस वर्षांपूर्वी त्याने या घरगुती संगणकाला आपली अक्षरं शिकवली, एकट्याने, याच खोलीत बसून. मी ज्या संग्रहालयात जुनी यंत्रं दुरुस्त करते त्यांना हा संगणक हवा आहे. सतराला गाडी येईल. काकूची अट एकच: त्याआधी टेपांवर काकाने काय लिहिलंय ते मी तिला वाचून दाखवायचं. विशेषतः शेवटची टेप.

जाण्याच्या दोन वर्षं आधी त्याचं स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक ठेवलं, श्वास तिथून. बोलणं संपलं. मोबाइलवर त्याची जाड बोटं बसेनात, म्हणून त्याने हा संगणक माळ्यावरून काढला. तो टाइप करायचा, काकू पडद्यावर वाचायची. ओळ भरली की आपोआप टेपरेकॉर्डरवर जायची.

खोली तो गेल्यापासून बंद होती. खिडकी, पलंग, टेबल, खुर्ची. टेबलाखाली एक एक्स्टेंशन बोर्ड आणि त्यात चार प्लग: संगणक, टीव्ही, टेपरेकॉर्डर आणि गळ्यातला कफ ओढून काढायचा पंप. पंपाला काचेची बरणी आहे. बरणीच्या तळाशी काहीतरी वाळलेलं. काकूला म्हटलं, हे टाकायचं होतंस. ती म्हणाली, माझा हात होईना.

ती उंबऱ्याच्या आत आली नाही. टीव्ही तिथून पुढे मी एकटीने नेला. तरी दिवस छान गेला. चहा दोनदा झाला.

मंगळवार, ४

संगणक उघडला.

वरून तो नुसता पिवळट दिसतो, जुन्या दातांसारखा. कळा रबराच्या, मऊ. दाबल्या की बोटाखाली मांस दाबल्यासारखं वाटतं आणि कळ उठताना बोटाला किंचित चिकटून येते. कळांच्या फटींत खपल्या होत्या. आधी धूळ वाटली. इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून फिरवला तेव्हा त्या ओल्या झाल्या, ताणल्या, त्यांची तार निघाली.

तो गळ्यातून खोकायचा. समोर हेच होतं.

पाच स्क्रू काढून वरचं झाकण उचललं. आत केस, कोंडा, नखाचे तुकडे आणि सगळ्या चिपांवर एक पातळ, चकचकीत पापुद्रा. गोगलगाय गेल्यावर फरशीवर राहतो तसा. कोपऱ्यात ऊब धरून झुरळांनी अंडी घातलेली. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. मग परत आले. कामच आहे.

टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. जुन्या पट्ट्यांचं असं होतंच. पण हे डांबर बोटांवरून जाईना. साबण, स्पिरिट, रॉकेल. जेवताना डाव्या हाताने खाल्लं. काकूने पाहिलं, तिने आपलं ताट जरा लांब घेतलं आणि मग स्वतःच लाजून हसली. दोन वर्षांत सवयच लागली गं, म्हणाली.

संध्याकाळी नवा पट्टा घालून वीज दिली. संगणक चालू झाला. टीव्हीवर चौकोनी ठिपका लुकलुकायला लागला. काकू उंबऱ्यावरून म्हणाली, बाई, जिवंत आहे की.

बुधवार, ५

अक्षरांचा तक्ता ज्या टेपवर होता ती रेकॉर्डरने चावून टाकली आहे. तक्ता पुन्हा बांधावा लागणार. काकाची चौकटीची वही सापडली, तीवरून बांधते आहे.

समजायला सोपं आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. शून्य ते दोनशे पंचावन्न, एवढेच आकडे. खालच्या निम्म्यांत इंग्रजी अक्षरं. वरच्या निम्म्यांत कारखान्याने चित्रं भरली होती: चौकोन, रेघा, पत्त्यांवरचे बदाम. काकाने ती चित्रं हाकलली आणि त्यांच्या घरांत आपली अक्षरं बसवली. प्रत्येक अक्षर आठ ओळींत आठ-आठ टिंबांचं. एवढ्याशा जागेत वेलांट्या मावेनात म्हणून त्याने क आणि फ यांची पोटं कापली. शेजारी लिहिलंय: माफ कर, बाबा.

पुढच्या पानांवर प्रोग्राम. असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरला एकेक पाऊल हाताला धरून सांगायचं. अक्षरं छापणाऱ्या भागाची सहाच पावलं आहेत. आकडा उचल. शून्य आहे का बघ. असेल तर घरी जा. नसेल तर त्याचं चित्र काढ. पुढच्या घरावर जा. पुन्हा.

मी नऊ वर्षांची असताना त्याने मला हे याच टेबलापाशी शिकवलं. तो मला पिटुकली म्हणायचा. पिटुकले, शेवटी शून्य टाकायला विसरू नकोस, म्हणायचा. हे बिचारं आंधळं आहे, शून्य लागेपर्यंत वाचत जाणार. ओळ संपली तरी त्याला कळायचं नाही. मग ते शेजारच्या घरातलं वाचेल, त्याच्या शेजारच्या घरातलं वाचेल, आणि तुला नको ते दाखवेल.

वहीची दोन पानं चिकटली आहेत. पान उलटताना तो बोटाला थुंकी लावायचा. नंतर थुंकी उरली नाही, गळ्याला बोट लावत असावा. दोनशे आठपासून दोनशे तेवीसपर्यंतचे आकडे त्या पानांत अडकलेत. बाकीची अक्षरं अंदाजाने लागली. फक्त दोनशे एकोणीस लागत नाही. कुठल्याही शब्दात बसत नाही.

शुक्रवार, ७

टेपा वाचल्या. पहिल्या सहा. काकू उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसली.

काका हुबेहूब बोलतो. चहात साखर नाही, विसरलीस की सूड. खिडकी लाव, शेजारीण गाते आहे. डॉक्टरला म्हणावं फोनवर बोलतो, बघू काय करतो. काकू हसून हसून डोळे पुसत होती. मध्येच म्हणायची, खोटं आहे हां, साखर घातली होती मी.

दोनशे एकोणीस मध्ये मध्ये येतो. एकटा, कधी पाच-सहा सलग. मी तो वाचताना गाळते. खराब टेपांत असा कचरा असतो.

काकूने विचारलं, मध्ये थांबतेस का गं. मी म्हटलं, कचरा आहे, अक्षर नाही. तिने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग उठून न विचारता चहा करून आणला, सोबत बिस्किटं.

कळा पुन्हा चिकट झाल्या आहेत. मंगळवारी पुसल्या होत्या. पुन्हा पुसल्या.

शनिवार, ८

घसा खवखवतो. धूळ.

तक्ता तपासायला लांब मजकूर लागतो, म्हणून आजपासून ही रोजनिशी इथेच टाइप करते. प्रत्येक कळेला बारीक बीप होतो. काकूने खालून विचारलं, तो आवाज बंद नाही का होत. मी म्हटलं, प्रोग्राममध्येच आहे. खाली भांडं जोरात आपटलं.

एक गोष्ट लिहून ठेवायला हवी. काका आजारी असताना मी एकदाच आले होते. याच दारापर्यंत. तो खुर्चीत बसला होता, गळ्याचं फडकं बाजूला झालं होतं, आणि त्या भोकात श्वासाबरोबर एक पिवळा बुडबुडा फुगत होता, बसत होता. मी नाकाला रुमाल लावला. कळायच्या आत लावला गेला. त्याने पाहिलं. मग तो काहीतरी टाइप करायला लागला आणि मी वाचायला थांबले नाही. माझी बस सुटेल, असं काकूला सांगितलं. बस दोन तासांनी होती.

सोमवार, १०

शेवटची टेप.

सुरुवातीला नेहमीचं. ऊन आलंय, पडदा सार. मग अगं, उठतेस का. मग दोनशे एकोणीस. ओळभर. दुसरी ओळ, तिसरी. शेवटची ओळ अर्धी. तिथे वीज गेली असावी, टेप चालता चालता थांबली आहे. म्हणून त्या ओळीला शून्य नाही.

मला ठाऊक होतं, तरी चालवून पाहिलं. ओळ संपली आणि संगणक वाचतच सुटला, रिकाम्या घरांत. तिथे कचरा असतो, तसा कचरा आला. अर्धा पडदा. मग स्वच्छ, ओळीने, अक्षरं आली:

पिटुकले दारात का उभी

मी वीज बंद केली. पुन्हा चालू केली, टेप पुन्हा भरली, पुन्हा चालवली. पुन्हा तेच.

बाकीच्या सगळ्या टेपांत शोधलं. ही ओळ कुठल्याच टेपवर नाही.

मंगळवार, ११

चिकटलेली पानं किटलीच्या वाफेवर धरली. सुटताना त्यांचा आवाज झाला, ओठ सुटल्यासारखा. वासही आला. सिंकमध्ये ओकले.

दोनशे एकोणीसचं घर सापडलं. अक्षर नाहीच. आठ बाय आठचा भरीव चौकोन, मधली चार टिंबं रिकामी. शेजारी काकाच्या अक्षरात: घसा भरला. वर ये.

वही घेऊन खाली गेले. काकूला दाखवली. ती भाजी चिरत होती. चिरत राहिली.

मग बोलली, सुरी न थांबवता. ती कळ दाबली की लांब बीप यायचा. की मी धावत जायचं, नळी भोकात घालायची, पंप चालू करायचा, तो घर्रघर्र आवाज, बरणीत पडणारे बेडके. दिवसातून चाळीस वेळा. निम्म्या वेळा काही नसायचं गं, नुसतं मी आहे ना ते बघायला. दोन वर्षं मला घास गिळता आला नाही, म्हणाली. ताटावर बसलं की बीप.

त्या सकाळी ती खायला बसली होती. बीप आला. ती वर गेली. आत नाही गेली. उंबऱ्यावरून वाकून एक्स्टेंशन बोर्डाचा भिंतीतला प्लग ओढला. आणि खाली येऊन खाल्लं. चवीने खाल्लं, म्हणाली. वीसेक मिनिटं लागली असतील.

त्याच बोर्डावर पंप होता. तो त्याने स्वतः चालवला असता, कदाचित.

ती म्हणाली, तुझ्या संग्रहालयात लोक येतील, बटण दाबून ऐकतील. तेवढं पुसून टाक. शिक्षा म्हणशील तर मी रोज भोगतेच आहे. पण चारचौघांत नको.

मग म्हणाली, तू तरी कुठे आत गेलीस त्या दिवशी.

बुधवार, १२

केलं.

पहिल्या दोनशे एकोणीसच्या जागी शून्य ठेवलं. एक आकडा, बस्स. आता टेप अगं, उठतेस का इथे संपते. कुणालाही वाटेल, म्हातारा बायकोला सकाळी हाक मारतोय. छान वाटतं वाचायला. मूळ टेपवरच पुन्हा भरलं, म्हणजे खालचं गेलं. आमच्या कामात मूळ प्रतीला कोणी हात लावत नाही. मी लावला. काकूसाठी, असं मघाशी लिहिलं होतं, ते खोडलं. मलाच ते नको होतं.

काकूने मला जवळ घेतलं. आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या तिने.

आवाज बसला आहे. संध्याकाळपर्यंत पार गेला. खाकरते आणि काहीतरी वर येतं, अडतं, परत खाली जातं.

गुरुवार, १३

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं. सूज आहे म्हणाले. गोळ्या दिल्या. बोलू नका म्हणाले. बोलणार कशी.

काकूला काही सांगायचं तर टाइप करते. ती उंबऱ्यावरून वाचते. पाणी दे. उशी दे.

कळा ओल्या आहेत. पुसल्या की बोटं उचलेपर्यंत पुन्हा ओल्या. कोमट. बोटांना तार येते.

बरणी पाहिली. तळाचं वाळलेलं आता वाळलेलं नाही. तीन बोटं वर आलंय. पंपाचा प्लग मी पहिल्याच दिवशी काढून ठेवला होता. तो बोर्डात आहे. काकू म्हणते तिने नाही लावला. आत येते कुठे ती.

शुक्रवार, १४

बॅग भरली. चार पायऱ्या उतरले. श्वास येईना. बसत बसत परत वर आले.

आडवं झालं की घसा भरतो. खुर्चीत बसलं तर जरा बरं. त्याच्या खुर्चीत. पाठीचा खळगा त्याने पाडलेला, मला बरोबर बसतो —

काकूला लिहिलं, टेप नीट करते, ते परत घालते. शून्य काढते. तिने वाचलं. म्हणाली, आता कशाला बाई. मी टेप भरली, शून्य शोधलं, काढलं. पण पुढे काही नाही. मीच पुसलंय. संगणक वाचत सुटला आणि रिकाम्या घरांत फक्त

█ █ █

मी दाबली नव्हती. बीप मात्र आला. खाली काकूच्या हातातून काहीतरी पडलं.

शनिवार

डॉक्टर सोमवारी. रविवारी बंद.

बेडका येतो. थुंकते. लगेच दुसरा. पिवळा, दोऱ्यासारखा, संपतच नाही. बोटाने धरून ओढला, ओढला, आतून कुठून तरी — पोटात ओढ जाणवली. सोडून दिला. परत आत गेला. गिळला मी तो.

नळी. त्याची. स्पिरिटने पुसली. दोनदा. आत तरी पिवळं होतं. मग तोंडात घातली. पंप चालू केला.

गोड लागतं. ते लिहायला नको होतं.

पाच मिनिटं बरं वाटलं. मग परत. काकूला बोलवायला शब्द किती लांब. एक कळ पुरते

█

आली. उंबऱ्यापर्यंत. बघितलं. नाकाला रुमाल लावला — कळायच्या आत लावला गेला, मला माहीत आहे कसा —

काकू दारात का उभी

नळी लांब पडली आहे हात पोचत नाही

█ █ █ █

येते गं म्हणाली. खाली गेली.

रविवार

सकाळी काकूने चहा केला. पोळी तव्यावरून काढली, ताट वाढून घेतलं, खायला बसली. मी अकरा वेळा कळ दाबली. मग ती वर आली, उंबऱ्यावरून वाकली आणि भिंतीतला प्ल